पाचव्या रेघेपर्यंत पाणी

२३ सप्टें. २०२२, शुक्र., अल खोर

धक्क्यावर आज तमाशा झाला. वर्ल्ड कपचे पाहुणे येणार म्हणून नवा रॅम्प केलाय, निळी पाटी, पाटीवर पांढरी खुर्ची. पाटी झक्क आहे. रॅम्प मात्र विहिरीत उतरावा तसा. खाली तरंगता धक्का, त्याला इब्राहीमचाचांची मासे गरवायला नेणारी लाँच. चाचा श्रीवर्धनचे, तीस वर्षं याच समुद्रावर. त्यांचे दोन खलाशी लगेच पुढे आले, मॅडम उठा लेते हैं. नवराही त्यांच्यातलाच. अजित म्हणाला, "उचलू दे ना त्यांना, दोन मिनिटांचं काम."

दोन मिनिटं त्याची. मला तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला तेव्हापासून लोक उचलतायत. बाबा उचलायचे ते वेगळं. खांद्यावर घेऊन रत्नागिरीत मिऱ्याच्या खडकावर गरवायला न्यायचे, माझ्या हातात गरी द्यायचे आणि स्वतः विडी ओढत बसायचे. बाकीचे उचलतात आणि वर हसतात.

परत आले. घरी येऊन भांडी आपटली. ठरलं: लाँचवर जाईन तर माझ्या चाकांवर.

२७ सप्टें.

चाचांचा फोन. म्हणाले, रॅम्पचं वरचं टोक पक्कं आहे, खालचं पाण्याबरोबर वरखाली होतं. पाणी भरलं की रॅम्प जवळजवळ सपाट. "भरतीला ये, बाय."

एवढंच ना. रत्नागिरीच्या पोरीला भरती कोण शिकवणार? बाबांचा हिशेब, तिथीची पाऊणपट. शुक्र. ७ ला द्वादशी. बाराची पाऊणपट नऊ. नऊ वाजता पूर्ण भरती.

रेवा जेवता जेवता मान वर न करता म्हणाली, "आई, देअर आर टाइड टेबल्स. ऑन द फोन." सांगितलं तिला, फोन नव्हते तेव्हाही भरती येत होती. पंधरा वर्षांची आहे, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीतच.

चाचांना नऊ सांगितलं. ते काहीतरी बोलत होते, कुकर झाला म्हणून ठेवला फोन. नजमा भागातल्या देशमुखकाकांनाही कळवलं. साखरेनं त्यांचा पाय गेला, तेव्हापासून घर सोडत नाहीत. म्हटलं, या, सगळं व्यवस्थित आहे.

७ ऑक्टो., शुक्र.

नऊ वाजता रॅम्प विहिरीतच. खाली चिखल दिसत होता.

काका तासभर गाडीत बसून आलेले. माझ्या शब्दावर. त्यांच्याकडे बघवेना. खलाशांनी विचारलं, काकांनी हात वर केले, गेले उचलून. खालून ओरडून म्हणाले, "अगं, मासा विचारतो का कसे आलात म्हणून? ये की."

नाही गेले. लाँच दिसेनाशी होईपर्यंत पाटीखाली बसले. काका इथल्या माशांतल्या तीन शेऱ्या घेऊन आले, एक मला दिली. तळली. रेवानं आणि अजितनं खाल्ली. मी वरणभातच खाल्ला. चूक झाल्याचा राग होता, स्वतःवरच. काकांचा हेवाही वाटला, तोही लिहून ठेवते.

८ ऑक्टो.

चाचांना विचारायला गेले. म्हणाले, ती गणितं आपल्या किनाऱ्याची. हा दर्या वेगळा, कधी दिवसात दोनदा भरतो, कधी धड एकदाच. इथे चंद्राला विचारून भागत नाही.

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"सांगत होतो, बाय. तुझा कुकर झाला."

हसूच आलं. मग थोडं रडूही. चाचांनी चहा केला आणि पांढऱ्या रंगाचा डबा काढला. धक्क्याच्या खांबावर खालून वर सहा रेघा मारल्या, वीतभर अंतरानं. आता रोज बघायचं. कुठल्या रेघेला पाणी असताना मी उतरते आणि चढते, ते तिथी नाही, माझे हात सांगतील.

११ ऑक्टो.

ऑफिस सुटल्यावर थेट धक्का. हँड कंट्रोलच्या गाडीचा हा फायदा, कुणाला विचारावं लागत नाही. तिसरी रेघ: उतरायचा प्रश्नच नाही. चौथी: उतरले, चढताना अर्ध्यावर अडकले, तळव्यांची सालं निघाली. अजितला दाखवले नाहीत. त्यानं जेवताना पाहिलेच.

१६ ऑक्टो.

पाचवी रेघ. उतरले. चढले. एकटी. वर आल्यावर इतका आनंद झाला की पुन्हा उतरले.

म्हणजे पाच. चार चालणार नाही.

१९ ऑक्टो.

स. ६.१० – रेघ ३. दु. १ – ५ ला टेकलं. सं. ५ – २. (दुपारची चाचांनी फोनवर दिली.)

रेवानं फोनवरचं टेबल माझ्या वहीशेजारी ठेवलं. आमच्या खाडीत पाणी तासभर उशिरा येतं, हे तिनंच शोधलं. "सो यू जस्ट ॲड ॲन अवर." बरं बाई. बाबांना आवडली असती ही.

२५ ऑक्टो.

चाचांना फराळ नेला. चकल्या यंदा कडक झाल्यात, त्यांनी चहात बुडवून खाल्ल्या. लाँचवर चढायला फळी केलीय त्यांनी, दोन्ही कडांना पट्ट्या ठोकून, चाक घसरू नये म्हणून.  नुसता हात लावून पाहिला.

घरी अजितशी वाजलं. घसरलीस तर मी काय करू, म्हणाला. आवाज चिरका झाला होता. मला वाटायचं त्याला लाज वाटते. त्याला भीती वाटते. वीस वर्षांत हे कळलं नाही मला.

तरी जाणार.

११ नोव्हें.

उद्या शनि. वहीप्रमाणे स. ८ ते १०.३० पाचवीवर पाणी, मग ओसरणार, पुन्हा पाचवीवर दु. साडेचारला. काका येतायत. अजित धक्क्यावर थांबणार. नाशिकचा माणूस, लाँच बघूनच पोटात ढवळतं त्याच्या. तंबूसारख्या स्टेडियमच्या रस्त्यावर झेंडेच झेंडे. हातमोजे, टोपी, गरीचा तंगूस, आमिषाला माकूल बर्फात.

१२ नोव्हें., शनि., लाँचवर

स. ८.१५ ला उतरले. फळीवरून आत. कुणाचा हात लागला नाही. चाचांनी खुर्ची दोऱ्यांनी बांधली आणि म्हणाले, यल्ला, निघू या.

दहाला चाचा म्हणाले, परत फिरू. तेवढ्यात तंगूस ताणला. हमूर, आपला गोबरा मासा, आणि गेला दगडाखाली. ओढला तर तुटणार. बाबा म्हणायचे, ढील दे आणि गप्प बस. दिली ढील. काका घड्याळ बघतायत, चाचा पाणी बघतायत. मी गप्प. किती वेळ गेला कोण जाणे, तो बाहेर आला आणि मी त्याला वर घेतला. कोपरापर्यंत लांब. ओरडले मी. पोरीसारखी ओरडले.

धक्क्याला ११.२०. पाणी तिसऱ्या रेघेला.

काकांना खलाशांनी नेलं. जाताना म्हणाले, हट्टी आहेस. मी म्हटलं, हो. खलाशी परत खाली आले. वरून अजित बघत होता. मी म्हटलं, नको, पाणी येईपर्यंत बसते. मला वाटलं आता तो चिडणार.

छत्री आणि डबा घेऊन खाली आला. सरळ लाँचवर. माझ्या शेजारी डोळे मिटून बसलाय, चेहरा पांढराफटक, पण बसलाय. पोळी त्याला जात नाही, मी दोघांची खाल्ली.

दु. २ – रेघ २. दु. ३ – रेघ ३ च्या वर.

४.१० – चौथी बुडाली. वारा सुटलाय उत्तरेचा. चाचा म्हणतात, हा वारा कधी कधी पाणी धरून ठेवतो, वही काहीही म्हणो.

४.४० – चौथी आणि पाचवीच्या मध्ये. दहा मिनिटं तिथेच.

अजितनं एक डोळा उघडला. "नाही आलं तर?"

त्याला गरी दिली हातात, आमिष लावून. धर म्हटलं, तोवर. धरलीय.

मी चाकं फिरवायचे हातमोजे चढवते.