दारात म्हणायचा पाढा

मास्तर,

नगरा वस्तीतली आपली शाळा अजून चालू आहे. भिंतीवर तुमची तसबीर आहे, आणि तिला हार घालायला दरवर्षी बडेबाबूंचा मुलगा येतो. आता मोठा अंमलदार झालाय. तुम्ही तापात मुलांसाठी कसे झिजलात हे तो सांगतो, लोक डोळे पुसतात आणि मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवतो. मला आता शेठजी म्हणतात. तेव्हा मी रेल्वे कारखान्याच्या फाटकावर किटली घेऊन उभा असायचो, तुमच्याकडे फुकट शिकलेला.

जर्मनीची लढाई संपत आली आणि तो ताप आला. शाळा बंद पडली. ताप जरा ओसरतो तोच कमिटी तुमच्या ओसरीवर बसली, चहा माझा. कारखान्याचे हेडक्लार्क बडेबाबू अध्यक्ष. म्हणाले, "मास्तर, पोरं रुळांवर कोळसा वेचत फिरतायत. सोमवारी भोंगा झाला की शाळा उघडा." तुम्ही सगळं कागदावर लिहून आणलं होतं. निम्मी मुलं आज, निम्मी उद्या, वर्ग चिंचेखाली, ज्याचा त्याचा लोटा, आणि दारात प्रत्येकाने बेचा पाढा एका दमात म्हणायचा. दम तुटला तर आठ दिवस घरी. बडेबाबू हसले, "वा! आता ताप पाढे ऐकून पळणार!" तुम्ही हसला नाहीत. "ताप पळत नाही बाबूजी, पण छाती खोटं बोलत नाही." मग माझ्याकडे बोट दाखवलंत. "दारात हा उभा राहील. मालगाडी दतियाकडून येतेय की मोठकडून, हा नुसत्या आवाजावरून सांगतो."

तीन दिवस मी उभा राहिलो. मुलं म्हणतायत, मी ऐकतोय, कुणाला परत पाठवतोय. एक आई कडाडली, "चाय बेचवे वारो अब डागदर बन गओ!" एक मुलगी मध्येच खुदकन हसली, दम तुटला, मी तिला आत सोडली. तुम्ही तिथेच मला झापलंत. "ती हसली की तिला धाप लागली, हे ठरवणारा तू कोण? तुटला की घरी." मुलगी रडत गेली. मला तुमचा राग आला होता, खरं सांगतो.

चौथ्या दिवशी बडेबाबूंचा चपराशी त्यांच्या मुलाला घेऊन आला. 'बे पंचे दहा'ला मुलगा थांबला. छातीत किरकिर, नळात हवा अडकावी तशी. चपराशी माझ्या कानाशी लागला, "बडेबाबू के लल्ला हैं भैया, जान दो. कारखाने के अंदर चाय का ठेका किसको दें, आज ही पूछ रहे थे." तुम्ही आतून, चिंचेखालून विचारलंत, "झाला का रे पाढा?" मी म्हटलं, "झाला, मास्तर." अक्षर वाईट म्हणून तुम्ही त्याला जवळ घेऊन बसलात, हात धरून गिरवून घेतलंत. पंधरवड्यात त्या वर्गातली तीन मुलं गेली, मग तुम्ही. तो बरा झाला. ठेका मला मिळाला.

बडेबाबूंना मी आयुष्यभर मनात शिव्या दिल्या. फार सोयीचं असतं ते. पाढा त्यांनी थोडाच ऐकला होता?

तेराव्याला काकूंनी विचारलं, "ह्यांना कुठून लागला रे ताप?" माझी जीभ चालती. म्हटलं, "बाजारातून असेल काकू. लक्ष्मी गेटात केवढी गर्दी!" त्या पांढऱ्याफटक पडल्या. "मीच पाठवलं होतं रे, गुळासाठी." तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. मी पाण्याचा तांब्या पुढे केला.

त्या दिवसापासून तुमच्या घरात गूळ आलेला नाही. संक्रांतीचे लाडूसुद्धा साखरेचे, दातांनी फुटत नाहीत असे. हे पत्र पोचवायचं तर त्यांच्याच हातात द्यायला हवं, दुसरं कोण आहे तिथे? इथवर लिहून आज सकाळी खिशात घालून गेलो होतो. त्या पुढच्या लाडवांसाठी तीळ भाजत होत्या, झालेल्यांतला एक माझ्या हातावर ठेवला. म्हणाल्या, "तू येतोस म्हणून सण वाटतो रे." दिसतं कमी, पण अक्षर लावता येतं अजून, मी विचारून पाहिलं.

मग मी आणखी एक लाडू मागितला, आणि घरी आलो.