खांद्यांचं माप

११ मार्च
ह्यांनी आज आमच्या तनुजाला बोअरमध्ये सोडलं! उलटं — डोकं खाली, पायाला दोर. लोह्याच्या शिवारात दोन वर्षांचं लेकरू उघड्या बोअरमध्ये पडलेलं. हे बोअरमध्ये अडकलेल्या मोटारी काढायचं काम करतात, म्हणून बोलावणं आलं. मोठं माणूस मावेना. मग सोबतच्या नऊ वर्षांच्या पोरीकडं बघितलं म्हणे.

लेकरू जिवंत निघालं. मला कधी कळलं? लोक पेढे घेऊन दारात आले तेव्हा!

१४ मार्च
चौकात बॅनर. बाप-लेकीच्या पाठीवर लाल चादरी बांधून फोटो. ‘लोह्याची सुपरहिरो जोडी’.

त्या लेकराची आई येऊन तनुजाच्या पाया पडली. तिच्या जागी मी असते तर मीबी कुणाचीतरी पोर मागितलीच असती. पण दोर तुटला असता तर? बॅनर लावणाऱ्यांपैकी एकानंही आपलं पोर पुढं केलं नव्हतं.

१५ मार्च
भांडण. “जीव वाचला का न्हाई? मग?”
“नाव तुमचं, जीव तिचा!”

तनुजा मधीच म्हणाली, “आई, म्या न्हाई गेले असते तर त्ये लेकरू मेलं असतं ना?” मी तिला गप बस म्हणाले. धाकट्या, चार वर्षांच्या पुनमला पोटाशी धरून न्हाणीत रडले.

२ एप्रिल
तनुजा झोपेत पाय झाडते. “वर वढा” म्हणते.

ह्यांनी तिच्या खांद्यांचं माप घेऊन ठेवलंय. पुढच्या वेळी लागंल म्हणून! पुढची वेळ?? लई भ्या वाटायलंय.

३ एप्रिल
सुचलं! माप वाढलं की पोर सुटली. उद्यापासून तूप-भाकरी, दूध, केळी, लोणी. कुणाला सांगायचं न्हाई.

८ मे
गाल वर आलेत. फ्रॉक खांद्यात तटायलाय. “पोरीला जरा कमी चार,” हे म्हणाले. मी तोंड फिरवून हसले. किती दिवसांनी!

२१ मे
परत बोलावणं, जवळच्याच गावातून — तिथंबी लेकरू बोअरमध्ये पडलेलं. माझं ऐकलं न्हाई, तनुजाला घेऊन गेले. आत्ताच तिथल्या एकानं फोनवर सांगितलं, पोर खांद्यात अडली, आत मावली न्हाई. सुटली माझी बाय!

एवढं लिहीस्तोवर ह्यांचा फोन. “गाडी पाठवलीय. पुनमला तयार ठेव.” फोनात मागं एक बाई हंबरडा फोडायली होती.

दाराला आतून कडी घातलीय. गाडी आली.