मेन बोर्डावरचा नारळ

मी, लवू आत्माराम मसुरकर, वय वर्षे एकाहत्तर, धंदा विजेच्या वायरिंगचा, राहणार मौजे आचरे, तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे, चष्मा नाकावर आहे. मला कोणी धाक घातलेला नाही आणि लाडीगोडीही लावलेली नाही. या घरातली लाडीगोडी कोणाच्या वाट्याला जाते ते पुढे येईलच. डॉक्टरांनी छाती तपासून मान हलवली, तेव्हापासून हे लिहायचे मनात होते. याआधी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. माझे राहते चिरेबंदी कौलारू घर, मागची विहीर, पंप आणि माडाची बाग ही सगळी माझ्या कष्टाची मिळकत आहे. ती माझी पत्नी सौ. सुभद्रा हिला तिच्या हयातीत पूर्ण हक्काने मिळावी आणि तिच्यामागे मुलगा अनिश याला. अनिश मुंबईत नोकरीला असतो आणि चतुर्थीला येतो. आल्या आल्या चार्जर कुठे लावू म्हणून विचारतो. भिंतीत इतके प्लग मी कोणासाठी बसवले, हे त्याला अजून कळलेले नाही. तरी पोरगा गुणी आहे.

कलम २. बँकेतली ठेव सुभद्रेची. तिच्या बांगड्या तिच्याच आहेत, त्या देणारा मी कोण?

कलम ३. माझी हत्यारे. पकडी, ड्रिल आणि वायरचे इन्सुलेशन तपासायचा मेगर हे सगळे तालुक्यात वायरमनचे शिक्षण देणाऱ्या शाळेला द्यावे. भिंतीवरचा माझा सरकारी परवाना फ्रेमसकट तिथेच राहू द्यावा. मेगर बाबलीने मागितला तर देऊ नये. कपाटात ठेवून तो त्यावर देवाचा फोटो मांडील.

आता बाबली कोण, ते सांगणे आले. बाबली रामा घाडीगावकर हा सुभद्रेच्या माहेरचा, म्हणजे धामापूरचा. त्याचे वडील गावचे घाडी, देवापुढे गाऱ्हाणे घालायचा मान त्यांचा. बाबली आमच्या गावात मामाकडे आला, माझ्याच बरोबरीने वायरिंग शिकला आणि इथेच राहिला. त्याचे केस अजून काळे आहेत. तो सुभद्रेला ‘सुभदे’ म्हणतो, ती त्याला ‘बाबल्या’ म्हणते. मला ती आयुष्यभर ‘अवो’ म्हणत आली. बाबलीच्या चहात साखर जास्त पडते, त्याच्या ताटात बांगड्याचा मधला तुकडा पडतो आणि त्याच्या विनोदावर ती पदर तोंडाला लावून हसते. यावर माझा जळफळाट होतो. हे मी पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे.

कलम ४. माझ्या तक्रारी. मिळकतीत त्याही धराव्यात, कारण त्याही मी कमावल्या आहेत.

बाबलीचे काम वाईट नाही, हे नाइलाजाने लिहितो. सांधा सफाईने मारतो. पण तो बोलतो, आणि लोक त्याचे बोलणे नियम म्हणून धरून बसतात. प्लगची तिसरी जाड पिन पकडीसाठी असते, असे त्याने कोणाला तरी गमतीत सांगितले. निम्म्या वाडीने ती पिन कापून टाकली. अरे, ती अर्थिंगची पिन! फ्रिजच्या पत्र्यात वीज उतरली तर तिला जमिनीची वाट दाखवणारी. चिऱ्याचे घर जमिनीवरच उभे असते, त्याला वेगळे अर्थिंग कशाला, हेही त्याचेच. चिरा उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा पडतो, त्यातून वीज कशी उतरणार? फ्यूजला जाड तार घातली म्हणजे घर मजबूत झाले, असे तर तो मिशीवर ताव देऊन सांगतो. फ्यूज बारीक असतो तो आधी जळावा म्हणून. जाड तार घातलीत की त्याच्याऐवजी भिंतीतली वायर जळते. आणि एकदा मीटर बसला की सरकारने घर पास केले, पुढे जन्मभर बघायला नको! माझाही जन्मदाखला सरकारी आहे, म्हणून डॉक्टरांनी मला जन्मभर पास केले काय?

मी हे सगळे नियमासकट समजावून सांगायचो. लोक जांभया द्यायचे. बाबली मात्र नव्या घराची लाईट चालू करताना मेन बोर्डापुढे नारळ धरून गाऱ्हाणे घालायचा: “बा देवा महाराजा, ह्या घरात जी काय लाईट येता हा, ती लेकराबाळांक सुखाची होवंदे रे महाराजा!” मागे सगळे घर ओरडायचे, “व्हय महाराजा!” मग तो नारळ लाल फडक्यात बांधून बोर्डावर टांगायचा. ज्या घरात नारळ टांगला तिथे काही होत नाही, अशी गावाची समजूत आहे. म्हणून लोक आधी बाबलीला बोलावत आणि तो मिळाला नाही तर मला.

माझ्या स्वतःच्या घरात, माझ्या बोर्डावर, सुभद्रेने बाबलीकडून नारळ टांगून घेतला. मी फोंडाघाटला कामाला गेलो होतो. परत आलो तर फडके नेमके गळतीच्या स्विचवर आलेले.

हा स्विच म्हणजे काय, ते अनिशसाठी लिहितो. बोर्डावरचे बाकीचे स्विच वायरला सांभाळतात. हा एकटा माणसाला सांभाळतो. वीज वायर सोडून कोणाच्या अंगातून जमिनीत जाऊ लागली की तो डोळ्याचे पाते लवायच्या आत सप्लाय तोडतो. त्यावर एक बारीक बटन असते. ते दर महिन्याला दाबून बघायचे. लाईट गेली तर स्विच जिवंत आहे. नाही गेली तर बदलायचा. सुभद्रा ओल्या हाताने मिक्सर लावते, अनवाणी पायाने विहिरीवरचा पंप चालू करते आणि बजावले तर म्हणते, “बोर्डार नारळ आसा मा?” मी जिवंत आहे तोवर ती मागील दारी गेली की मी गुपचूप फडके बाजूला सारून बटन दाबतो. माझ्यानंतर कोण दाबणार?

कलम ५. यंदाच्या चतुर्थीची हकीकत नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी भलतेच सांगू नये.

गणपती बसले होते, त्यांच्यावरच्या लाकडी माटवीला फळे-पाने टांगली होती, आरतीला माणसे जमली होती आणि घर काळोखात गेले. स्विचने आपले काम केले होते. मी बॅटरी शोधत होतो तोवर सुभद्रेने फोन लावला.

“बाबल्या, खंय आसस? बेगीन ये रे. देव काळोखात बसलो.”

बाबली आला. बोर्डाकडे बघून म्हणाला, “सुभदे, ह्यो स्विच फॅक्टरीत लागता. घरात कित्याक व्हयो? काढून डायरेक्ट जोडून देतंय, परत म्हणून लाईट जावची नाय.”

“तूच काय तां कर,” सुभद्रा म्हणाली.

मी बोर्डापुढे जाऊन उभा राहिलो. “हात लावलास तर याद राख.”

“अवो, सरा बाजूक! तुमचो नियम देवाक काळोखात बसयता.”

मी सरलो नाही. माटवीवरच्या दिव्यांच्या माळा एकेक करून काढल्या. एका माळेची वायर उंदराने कुरतडली होती आणि ओल्या पानांना टेकली होती. ती बाजूला केली, स्विच वर केला, लाईट आली. त्याच क्षणी बाबलीने हात जोडून गाऱ्हाणे सुरू केले. सगळ्यांनी “व्हय महाराजा” म्हटले. सुभद्रा म्हणाली, “बघलास, बाबलीन गाऱ्हाणा घातल्यान आणि लाईट इली.” पहिला मोदक त्याला गेला.

कलम ६. ~~माझ्या मृत्यूनंतर बाबली रामा घाडीगावकर याने माझ्या मेन बोर्डाला हात लावू नये.~~

वरचे कलम मीच खोडले आहे आणि बाजूला सही केली आहे. ते सुभद्रेला वाचून दाखवले तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

“मगे बोर्डाक कोण हात लावतलो? तुमी येतालास वरसून?”

“तो स्विच काढून टाकील.”

“बाबल्यान सांगल्यान काढूक व्हयो, तर काढूक व्हयो. ठेवूक सांगल्यान, तर ऱ्हवांदे.”

मी तिथेच पेन काढून ते कलम खोडले. इतकी वर्षे जे ऐकून माझे रक्त उकळत होते, त्यातच तिचा जीव वाचायची वाट होती. ती माझे ऐकत नाही, मेल्यावर तर मुळीच ऐकणार नाही. त्याचे ऐकते.

कलम ७. म्हणून या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून मी बाबली रामा घाडीगावकर यास नेमतो. त्याला माझ्या मिळकतीतले काहीही मिळणार नाही, मेगर तर नाहीच. त्याने बोर्डावरचा नारळ स्वतःच्या हाताने काढावा, कारण दुसऱ्या कोणी काढला तर सुभद्रा परत टांगेल. दर महिन्याला घरी येऊन बटन दाबावे. तेव्हा तो चहा घेईल, साखर जास्त पडेल आणि ती हसेल. हे सगळे मला आत्ताच दिसते आहे आणि सहन होत नाही. तरी यावे. एकही महिना चुकवू नये.

आज सकाळी त्याला बोलावून हे कलम वाचून दाखवले. तो म्हणाला, “नारळ काढलंय तर सुभदा माका खातली. तू सांग मा तिका, घोव मा तू तिचो?”

“माझा आयकणा नाय ती,” मी म्हणालो.

बाबली नेहमीसारखा हसला नाही. “लवू, तां बटन खयचा, माका दाखव,” म्हणाला.

मला गाऱ्हाणे घालता येत नाही, माझा आवाज चिरका आहे. तरी कायद्याच्या कागदावर एक घालून ठेवतो. बा देवा महाराजा, या घरातली वीज वायरीतच राहू दे, तिच्या ओल्या हातांपर्यंत येऊ देऊ नको, आणि बाबलीला दर महिन्याला आठवण दे रे महाराजा. गाऱ्हाण्याला ‘व्हय’ म्हणणारे लागतात तसे मृत्युपत्राला साक्षीदार लागतात. ते खाली आहेत.

ठिकाण: आचरे
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२४

मृत्युपत्र करणार: (सही) लवू आत्माराम मसुरकर

साक्षीदार. लवू मसुरकर यांनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली आणि आम्ही त्यांच्या डोळ्यांदेखत:

१. (सही) मंगेश दाजी आचरेकर, शेजारी, किराणा दुकानदार

२. (सही) बाबली रामा घाडीगावकर

(सहीखाली साक्षीदार क्र. २ यांच्या हस्ताक्षरात)
व्हय महाराजा. नारळ काढून देवाकडे ठेवलंय. बटन दाबलंय, लाईट गेली. सुभदेन गाळी घातल्यान. तुका नाय, माका.