मले गोळी, तुले काहून नाही

माय, दर महालक्ष्म्यांले मले पाळी थांबवायची गोळी खाऊ घातली, आन् सोता एकदाही नाही खाल्ली. काहून? तुले जाऊन इतके वर्षं झाले, पण विचारून राहिली आता, कारण माह्या हातात पुन्हा तशीच गोळी आली.

दोन-दोन आठवडे अंगावरून जाते. चादरी धुऊन हात गळले. पोरीनं धरून शंकर नगरच्या डॉक्टरीणबाईकडे नेलं. पिशवीचं अस्तर जाड झालं म्हणते. तीन महिने गोळ्या खा, नाही थांबलं तर पिशवी काढायचं पाहू. मी म्हटलं, बाई, अशीच गोळी मी लग्नाआधी देवीसाठी खात होती, त्यानंच तर नाही झालं? ती म्हणाली, "नहीं दीदी, उससे नहीं हुआ. ये भी उसी जात की दवा है, पर अभी इलाज के लिए है." माह्या डोक्यात काही बसलं नाही. तेव्हा चांगल्या अंगाचं थांबवलं, आता बिघडलेल्या अंगाचं थांबवायचं, आन् गोळी एकाच जातीची?

पंडरीच्या कापडबाजारात देवीच्या साड्या घ्यायले गेली की तू येताना मेडिकलमधून गोळ्या आणायचीच. देवीचं काम आहे, नखरे नको करू म्हणायची. आन् त्या वर्षी ऐन जेवणाच्या दिवशी तुलेच आली. तारीख तुले माहीत होती, पाकिटात गोळ्या होत्या. तू मागच्या दारात पोतं टाकून बसली, मी एकटी सोळा भाज्या चिरून राहिली. आंबिलीत गुठळी राहिली तर उद्या तुही सासू माह्या नावानं बोटं मोडन, असं तिथूनच सुनावत होती. मी चिडून विचारलं, तू काहून नाही खाल्ली? तू म्हणाली, "मले नाही लागत. तू खा."

आता तेच डोक्यात फिरून राहिलं. गोळी वाईट, हे तुले माहीत होतं का? मंग पोटच्या पोरीले कशी दिली? का तुले ते बसणंच पाहिजे होतं? त्या दिवशी तू पाय पसरून बसली होती. बाबा सोताच्या हातानं पाणी घेऊन पीत होते. महिन्याचे ते दिवस सोडले तर तुले बसलेलं मी पाह्यलंच नाही.

पोरगी रोज सकाळी विचारते, "मम्मी, दवाई ली?" मी हव म्हणते. खोटं आहे. गोळ्या देव्हाऱ्यामागं तशाच पडून आहेत, तुले लिहिलेला हा कागदही त्यांच्याखालीच ठेवते. शुक्रवारी डॉक्टरीणबाईनं बोलावलं. गोळी वाईट होती, का तुले फक्त बसायचं होतं, येवढंच सांग. गुरुवारच्या दिवाबत्तीपर्यंत सांग.