सहा इंग्रजी शब्द आणि एक पाल

सोमवार, ४ मार्च

नवा अर्ज आला! आमच्या केंद्रात सोनोग्राफी-मॅमोग्राफीला येणाऱ्या बायकांनी आत जाण्याआधी भरायचा. शेवटचा प्रश्न – आत्ता कसं वाटतंय? खाली सहा इंग्रजी शब्द, लागू असेल त्यावर खूण. अनईझी, रेस्टलेस, नर्व्हस, अँक्शस, जिटरी, ऑन एज. डॉक्टरबाई म्हणाल्या, याचं मराठी तू कर, काउंटरवर दिवसभर बायकांशी तूच बोलतेस. मी लगेच हरभऱ्याच्या झाडावर!

घरी शब्दकोश काढला. अनईझी – अस्वस्थ. रेस्टलेस – अस्वस्थ. नर्व्हस – अस्वस्थ. चौथा बघितलाच नाही.

बुधवार, ६ मार्च

शब्दकोश मिटला, कान उघडे ठेवले. एक मुलगी पर्सची चेन सारखी उघडत-मिटत होती. सासू म्हणाली, किती चुळबूळ करशील! झाला रेस्टलेस. एकीला सकाळपासून नुसती धाकधूक – नर्व्हस. एकीच्या हातातला पेला सांडला, थरथर थांबेना – जिटरी. तिच्या आईच्या जिवाला घोर – अँक्शस. दार जरा वाजलं की दचकायला होतं – ऑन एज. आमच्या बाकांवर शब्दांची काय ददात!

अनईझी तेवढा राहिला. डॉक्टरबाई समजावत होत्या – झालेलं काहीच नसतं, पण आत कुठेतरी वाटतं की काहीतरी ठीक नाही. मला हे समजावून सांगायची गरज नव्हती.

गुरुवार, ७ मार्च

‘मनात पाल चुकचुकते’ असं लिहून दिलं. डॉक्टरबाईंनी काट मारली. अर्जावर पाल नको, बायका छताकडे बघत बसतील. तेवढ्यात मोठ्या सिस्टर आल्या. पाठीमागे आम्ही त्यांना हेडमास्तर म्हणतो. तीस वर्षं नोकरी, कुणाची गय नाही. म्हणाल्या, “राहू द्या ती पाल. ती चुकचुकते म्हणूनच बाई इथवर येते.” पाल राहिली.

आणि मी? माझी पाल चार महिने चुकचुकतेय. आंघोळ करताना डाव्या बाजूला गाठ लागली. वाटाण्याएवढी. दुखत नाही. यंत्र माझ्या खुर्चीपासून वीस पावलांवर – दिव्याखाली अंधार! आईनं असाच उशीर केला. ती गेली तेव्हा मला चौदावं होतं. तपासलं नाही तोवर काही नाही, असं म्हणत दिवस ढकलतेय. यांनाही सांगितलेलं नाही. इथेच पहिल्यांदा लिहिलं.

सोमवार, ११ मार्च

भिंतीवर लावायला एक भरलेला अर्ज हवा, म्हणजे कसा भरायचा ते सगळ्यांना कळेल. बसले भरायला. नाव कोरं, कोपऱ्यात पेन्सिलीनं ठळक ‘नमुना’. वय? माझंच टाकलं, बेचाळीस. तक्रार – डावीकडे गाठ. कधीपासून – चार महिने. खूण – पालीवर. हात थांबेचना. नमुनाच तर आहे, कुणाला काय कळणार!

शुद्धलेखन बघायला सिस्टरांकडे दिला. त्यांनी दोनदा वाचला. अक्षर छान आहे म्हणाल्या. बास.

मंगळवार, १२ मार्च

घोटाळा! माझा नमुना पेशंटांच्या अर्जांत गेला. डॉक्टरबाई कागद घेऊन थेट बाहेर. “चार महिने? कोण आहे ही? हिला आधी आत घ्या.” बाकांवरच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. अहो, तो नमुना आहे – एवढंच तर म्हणायचं होतं. माझं तोंडच उघडेना. त्यांनी पुन्हा कागदाकडे पाहिलं, अक्षराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाज एकदम खाली आला. “चल.”

सोनोग्राफी, मॅमोग्राफी, सुईची तपासणी – सगळं आजच. सिस्टर माझा हात धरून उभ्या होत्या, सोडलाच नाही. मी लहान पोरीसारखी रडले. आणि तशातही राग – एवढं ठळक लिहिलेलं हेडमास्तरांना दिसू नये? चष्मा बदला म्हणावं!

संध्याकाळी यांना सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं. एवढंच म्हणाले, “चार महिने मला बाहेर उभं केलंस.” ते फार लागलं.

मंगळवार, १९ मार्च

आहे. तेच आहे.

गुरुवार, २१ मार्च

काल लिहवलं नाही. गाठ लहान आहे, पसरल्याची चिन्हं नाहीत. डॉक्टरबाई म्हणाल्या, अजून सहा महिने बसून राहिली असतीस तर आज मला दुसरंच काही सांगावं लागलं असतं. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात. भीती वाटते. पण गंमत म्हणजे पाल गप्प आहे.

शुक्रवार, ५ एप्रिल

ऑपरेशन नीट झालं. घरी आले. हात वर होत नाही, म्हणून हे वेणी घालायला शिकले. वाकडी घालतात, पण रोज न चुकता. सिस्टर सुट्टीच्या दिवशी येऊन ड्रेसिंग बघून गेल्या, वर नीट जेवत नाही म्हणून मला झापलं. कुणाकुणाचे उपकार मानू! एका चुकीनं मला आईच्या वाटेवरून मागे ओढलं. घोटाळ्याचेसुद्धा आभार मानायचे असतात तर आज मानते.

सोमवार, ६ मे

अर्धा दिवस कामावर. माझी स्वतःची फाईल लावताना तो अर्ज हाती आला. कोपऱ्यात ‘नमुना’ नाही! कागद उजेडात धरला. तिथे खरखरीत झालाय, पेन्सिलीची पुसटशी खूण दिसते. आमच्याकडे खोडरबर एकच आहे. कुणी पळवू नये म्हणून सिस्टरांच्या टेबलाला दोऱ्यानं बांधलेला.

हेडमास्तरांचा चष्मा उत्तम आहे.