मानकोलीचा डिस्ट्रिब्युटर

५ जानेवारी
धाकट्या भावाने, दिनेशने, घरच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला. वडप्याच्या घराचं अंगण, बाबांची गाडी, बॉनेट उघडं. म्हणतो, ही गाडी बाबांनी मला शिकवली. लग्नात लेक प्रणाली आजोबांच्या गाडीतूनच मांडवात येणार. खाली नातेवाइकांचे जोडलेले हात.

बाबा बॉनेटखाली वाकले की टॉर्च मी धरायचे. आठवी ते बारावी दर रविवारी, मग होस्टेलवरून सुट्टीला आले की.

८ जानेवारी
गाडी सुरू होत नाही. हनीफभाईंच्या गॅरेजवरून जाताना कळलं. बाबांच्या वेळेपासून तेच बघतात. इंजिनात ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर गेलाय, शाफ्ट हलतो, ठिणगी वेळेवर पडत नाही. दिनेश महिनाभर शोधतोय. कुर्ला झालं, पुणं झालं. साठ वर्षांपूर्वीचा पार्ट, कुणाकडेच नाही.

बरं वाटलं. इथे लिहिते, दुसरीकडे सांगता येणार नाही.

१२ जानेवारी
कॉलेज सुटल्यावर मानकोली. हनीफभाई सहज बोलून गेले होते की गोडाऊनच्या मागे एक भंगारवाला आहे, जुनी इंजिनं पडून असतात. तिसऱ्या ढिगात बाबांच्या गाडीचंच इंजिन. डिस्ट्रिब्युटर जागेवर. कॅप शाबूत. शाफ्ट गंजून घट्ट.

भंगारवाला म्हणाला, "इसका क्या करोगे मॅडम?"
"टेबललॅम्प."
"आजकल सब लॅम्पच बनवतात," म्हणाला आणि पाना शोधायला गेला.

१५ जानेवारी
तीन दिवस डिझेलमध्ये. लाडवांचा स्टीलचा डबा कामी आला. आज शाफ्ट फिरला. हाताला वास आहे. वर्गात 'प्रतीक' शिकवताना येत होता.

शाफ्ट ज्यात फिरतो ते आतलं बुश झिजलंय. नाहीतर उत्तम.

१८ जानेवारी
यंत्रमागांचे, लूमचे, पार्ट करणारा खरादी, रामसागर. पितळेचं बुश त्याने उभ्या उभ्या कातून दिलं.
"कौन से लूम का है, मॅडम?"
"बहुत पुराना है."
"आवाज तो नहीं करेगा अब," म्हणाला.

शाफ्ट आता जराही डगडगत नाही. दोन बोटांनी फिरवत बसले. स्वयंपाक राहिला.

२१ जानेवारी
ठिणगीची वेळ धरणारे नवे पॉईंट आणि कंडेन्सर हनीफभाईंनी घालून दिले. वस्तू उजेडात धरून पाहिली.
"मस्त बनवलात. दिनेशभाईला सांगितलं?"
"हो."
"मग तो कल इलेक्ट्रॉनिक किट घेऊन का आला?"
म्हटलं, त्याचं त्याला माहीत. पॉईंटमधली फट मी घरी लावीन.
त्यांनी फडक्यात गुंडाळून दिला. हात पुसायला मात्र फार वेळ घेतला.

२४ जानेवारी
वडपे. लग्नाची बोलणी, जेवण. जुन्याच डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉईंटच्या जागी किट बसवलेलं. गाडी सुरू झाली. प्रणालीने टाळ्या वाजवल्या. फाटकापर्यंत थरथरत गेली आणि बंद पडली.

हनीफभाई म्हणाले, "दिल नया डाला, हड्डी वही पुरानी."
प्रणाली म्हणाली, भाड्याची गाडी सांगू का.
दिनेश म्हणाला, "न्हाय. हीच."
मग माझ्याकडे वळून, "काय गो ताई, तुझ्या कॉलेजात ह्ये न्हाय का शिकवत?" सगळे हसले.

मी वाढून घेतलं. मासळी चांगली होती. माझा डिस्ट्रिब्युटर लाडवांच्या डब्यात घरी, पिठाच्या डब्यामागे.

बाबांच्या मागे गाडी त्याला, जमीनही त्याला. जमिनीचं कधी वाईट वाटलं नाही. सही करून मोकळी झाले.

२९ जानेवारी
दिनेश घरी आला. एकटा. वर्षात पहिल्यांदा. चहा नको म्हणाला, मग घेतला.

"बाबा पॉईंटमधी फट किती ठेवायचा? हनीफ किट काढून परत पॉईंट टाकतो बोलतोय. तुला ठाव असंल."

मी म्हटलं, बाबांनी तुला शिकवलं ना. व्हिडिओत म्हणालास.
"शिकवलं की. लांब उभं राहायला शिकवलं."

हसला. मी हसले नाही. त्याने खिशातून बाबांची तंबाखूची डबी काढली. हत्यारांत मिळाली म्हणे. आत पोस्टकार्डाची पट्टी, दुहेरी दुमडलेली. हेच ते माप. पट्टी पॉईंटमध्ये सरकवायची, अडकत अडकत निघाली की फट बरोबर. मी विसरले नव्हते. पण ते कार्ड कुणाचं होतं, हे कधी पाहिलं नव्हतं. टॉर्च पॉईंटवर धरायचा असायचा.

निळी शाई. माझं अक्षर. होस्टेलवरून पाठवलेलं. पट्टीवर उरलंय तेवढं: "...डी चालते का. मी सुट्टीत..."

दिनेश म्हणाला, "मी बाबाला धाडलेली पत्रं अख्खी हायत. ट्रंकेत. एकबी कापलं न्हाय." कपातला चहा फिरवत राहिला. "तुझं तेवढं कापलं."

तो हे तक्रार म्हणून सांगत होता की माझी समजूत घालत होता, कळलं नाही. कापलेलं पत्र जास्त की ठेवलेलं? दिवसभर हेच.

डबा चार हातांवर होता. मी माप सांगितलं. डब्याचं नाही सांगितलं. पट्टी ठेवून गेला. "तुझी हाय," म्हणाला.

१ फेब्रुवारी
उद्या हळद, परवा लग्न. सकाळी डबा काढला. फट लावली. पट्टी अडकली, मग सुटली. बाबांना अशीच हवी असायची.

दिला तर तो व्हिडिओ करील. ताईनं शोधला म्हणेल, किंवा म्हणणार नाही. दोन्ही सहन होणार नाही. न दिला तर प्रणाली भाड्याच्या गाडीतून येईल. आत्या म्हणून मीच तिला उतरवून घेईन.

दुपारी दिनेशचा फोन.
"हनीफ बोलला, ताईनं सांगितलं असंल तुला. काय सांगितलंस गो मला?"
मागे मांडववाल्यांची ठोकाठोक.
"ताई?"
"येते तेव्हा सांगते."
"कवा येतेस?"
"उजेड असताना."
"ये. गाडी अंगणातच हाय."

प्रणालीच्या साड्या, नारळ, बांगड्या पिशवीत भरल्या. डबा वर ठेवला, काढला, साड्यांच्या मध्ये ठेवला. कपाटातून टॉर्च काढून पाहिला. सेल गेलेत. नाक्यावर घेईन. वडप्याला पोचेपर्यंत द्यायचं ठरलं तर लागेल.