बाबांचे एकशे बासष्ट पाउंड

प्रिय बाबा,

उद्या सकाळी माझं विमान आहे. नाताळची सुट्टी संपली, सोमवारी शाळा उघडते, आणि आईने आत्ताच बाथरूममधला वजनकाटा हॉलमध्ये आणून ठेवलाय. बॅग उचलून त्यावर उभं राहायचं काम अमेरिकेतल्या, पार्सिपनीच्या या घरात कायम तुमचं. यंदा ते माझ्यावर आलंय. म्हटलं, त्याआधी तुमच्याशी थोडं भांडून घ्यावं.

गेल्या वर्षी, चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात, मी सेंट लुसिया बेटावरून पहिल्यांदा सुट्टीवर आले. तिथल्या समुद्राकाठच्या शाळेत गणित शिकवून चार महिन्यांत चांगली रापले होते. विमानतळावर तुमचं पहिलं वाक्य काय? "झाल्या का लष्कराच्या भाकऱ्या भाजून?" मेडिकलची अ‍ॅडमिशन सोडून दोन वर्षं बिनपगारी मास्तरकी करणारी मुलगी तुम्हाला पसंत नव्हती, आणि तुम्ही ते लपवलंही नाहीत.

घरोघरचे डबे जमवून केलेल्या त्या पॉटलक जेवणाला तर कहर केलात. तुमच्या ऑफिसातल्या शशीकाकांनी विचारलं, "मग काय यार, पोरगी हल्ली काय करते?" तुम्ही म्हणालात, "सध्या ब्रेक घेतलाय तिने." अहो, ब्रेक मी शाळेतून घेतला होता, दोन आठवड्यांचा! रागाच्या भरात मी तीन गुलाबजाम खाल्ले. तुम्ही एकही घेतला नाहीत, ते मला तेव्हाच दिसायला हवं होतं.

पण बॅग भरायची वेळ आली आणि तुम्ही दुकानातून चाळीस वह्या, रंगीत खडू आणि डझनभर कंपासपेट्या घेऊन आलात. "भाजायच्याच आहेत भाकऱ्या, तर नीट भाज," म्हणालात.

मग तुमचं ते ठरलेलं वजन करणं. बॅग पोटाशी धरून काट्यावर उभं राहायचं, आईने वाकून आकडा वाचायचा, आणि त्यातून तुमचं वजन वजा करायचं.

"दोनशे बत्तीस," आई म्हणाली.

"वजा एकशे बासष्ट. सत्तर. चोख."

विमानात सत्तर पाउंडच चालतात. अमेरिकेत आल्यापासून तुमचं वजन एकशे बासष्टवरून हललं नाही, हा तुमचा केवढा अभिमान. त्यामुळे बॅग खाली ठेवून एकदा नुसतं उभं राहून बघू, असं कुणाच्या मनातही आलं नाही. निदान माझ्या तरी.

विमानतळावर ती बॅग ब्याऐंशी भरली. "यांचा काटा बिघडलाय," असं तुम्ही मराठीत जाहीर केलंत आणि काउंटरसमोर फरशीवरच बसून बॅग उघडलीत. मागे ही रांग. आईने गुपचूप कोंबलेला स्वेटर निघाला (कॅरिबियनमध्ये स्वेटर!), चिवड्याचा डबा निघाला, लोणच्याची बरणी, माझे बूट. वह्यांना मात्र तुम्ही हात लावू दिला नाहीत. "इंजिनिअरसाहेब, वजाबाकी चुकली," म्हणून मी दात काढत होते. तुम्हीही हसलात. जाडजूड कोट आणि मफलरमध्ये तुम्ही नेहमीएवढेच दिसत होतात.

शाळा उघडली त्या दिवशी मी फळ्यावर तुमचंच गणित घातलं. घरी सत्तर, विमानतळावर ब्याऐंशी, तर चूक कुठे? कुणी घरच्या काट्याला दोष दिला, कुणी विमानतळावरच्या. मागच्या बाकावरून नऊ वर्षांची मार्था म्हणाली, "मिस, मेबी युअर डॅडी गॉट स्मॉलर."

वर्ग खो खो हसला. मीही हसले. मग खडू हातातच राहिला.

त्या दुपारी पोस्टातून घरी फोन लावला आणि तुम्हाला मार्थाचं उत्तर सांगितलं. तुम्ही आधी तिचं वय विचारलंत. मग म्हणालात, "हुशार आहे पोरगी. तिला पुढच्या बाकावर बसव."

आणि मग सगळं सांगितलंत. पोटातला आजार तुम्हाला दिवाळीच्या आधीपासून माहीत होता. आईलाही. मला तेवढा सांगितला नाहीत, कारण कळलं असतं तर मी बॅगेतले कपडे परत कपाटात लावले असते. म्हणजे ज्या शाळेला सुट्टीभर टोमणे मारलेत, तिथे मी परत जावं म्हणून मला फसवलंत. हा कुठला न्याय, बाबा? मी तुमच्या वजाबाकीला हसत होते, आणि तुम्ही हसू दिलंत. याचा राग मला अजून आहे.

"मी येते," फोनवर मी रडतच म्हणाले.

"आणि पोरांना काय सांगशील? इस्टरला सुट्टी असते ना? तेव्हा ये. वर्ग अर्धवट टाकून यायचं नाही."

इस्टरला आले. मग उन्हाळाभर तुमच्यापाशीच होते. तुम्ही एकेका मुलाची चौकशी करायचात, मी आणलेल्या वह्यांतले मार्थाचे भागाकार तपासायचात, तिला तिरपे आकडे काढायची सवय आहे म्हणून कुरकुरायचात. शशीकाका भेटायला आले तेव्हा मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते. तुम्ही त्यांना म्हणालात, "हिची शाळा सप्टेंबरात उघडते. मीच तिकीट काढलंय." ब्रेकचं नावही काढलं नाहीत.

ऑगस्टात तुम्ही गेलात. सप्टेंबरात मी त्याच तिकिटावर गेले.

आता आईचं. तिला काही दुखलंखुपलं तर त्याच दिवशी मला कळवायचं, असं मी तिच्याकडून कबूल करून घेतलंय. तुमच्यासारखी बनवाबनवी या घरात पुन्हा चालणार नाही.

आणि माझ्याकडून तुम्हाला एक शब्द. सोमवारी पहिल्या तासाला मी वर्गात असेन. शाळेच्या वेळात तुमच्यासाठी रडणार नाही. सुट्टीत मात्र पोटभर रडेन, आणि तेव्हा तुम्ही मध्ये बोलायचं नाही.

तुमची मास्तरीण,
नंदू